सात नंबरमधली मानाची जागा

व्हाइटफील्डच्या त्या सतरा मजली सोसायटीत खंडेनवमीला, म्हणजे इथल्या आयुधपूजेला, कुणाची कुठली गाडी पूजेला बसणार हे आठ दिवस आधी मोबाइलवर भरून द्यावं लागतं. सूर्यकांतरावांनी ते भरलं. फक्त भरताना 'ट्रक' हा शब्द तेवढा लिहिला नाही. 'वाहनाचा प्रकार' विचारल्यावर मोटार, स्कूटर, सायकल आणि इतर असे चारच पर्याय होते. त्यांनी 'इतर'वर बोट दाबलं आणि खाली लिहिलं, 'जुनी कौटुंबिक गाडी, एक.'

"कौटुंबिक?" त्यांच्या खांद्यावरून वाचत संध्याताई म्हणाल्या. "तुमच्या कुटुंबात रोज पाच टन लोखंड वाहायचे वाटतं?"

"अगं, आख्खी कॉलनी म्हणजे एक कुटुंबच होतं आमचं."

"मग सरळ लिहा की, कॉलनीचा ट्रक. घाबरताय कशाला?"

"घाबरतोय कोण? स्वल्प युक्तीनं घ्यावं लागतं," सूर्यकांतराव म्हणाले आणि त्यांनी अर्ज पाठवूनही दिला. नवऱ्याने युक्ती हा शब्द काढला की संध्याताई घरातली औषधाची पेटी तपासून ठेवत. पस्तीस वर्षांचा संसार होता, उगीच नाही.

सूर्यकांतरावांचे वडील कोल्हापूरकडून बेंगळुरूच्या एका सरकारी कारखान्यात फिटर म्हणून आले आणि इथलेच झाले. सूर्यकांतराव कारखान्याच्या कॉलनीतच जन्मले, त्याच कारखान्यात छत्तीस वर्षं राबले आणि निवृत्त होऊन आता मुलाकडे, शार्दूलकडे, नवव्या मजल्यावर राहत होते. कॉलनी सुटली, पण कॉलनीतला सात नंबर काही डोक्यातून सुटला नाही. सात नंबर म्हणजे कारखान्याचा लांब नाकाचा, हिरवा, लाकडी फळ्यांचा ट्रक. वर्षभर लोखंडाच्या कांबी वाहायचा. खंडेनवमीला मात्र त्याला न्हाऊमाखू घालायचे, केळीचे खांब बांधायचे, झेंडूने मढवायचे, आणि कॉलनीतली यच्चयावत पोरं त्यात भरून कॉलनीला तीन फेऱ्या मारायचे. पोरांच्या हातात चुरमुरे आणि गूळ. चक्रावर कारखान्याचे ड्रायव्हर कृष्णातमामा.

"आणि माझी जागा ठरलेली!" ही गोष्ट सांगताना सूर्यकांतराव इथे हमखास उठून उभे राहत. "अगदी शेवटी, मागच्या फळीला टेकून. मामा स्वतः खाली उतरून सांगायचे, 'सूर्या, तू मागं.' दुसऱ्या कुणाला तिथे बसायची छाती नव्हती. मानाची जागा ती! पाण्याच्या टाकीपाशी आलं की मामा सगळ्यांना उतरवायचे. 'कुणात किती दम हाय बघू रं!' मग ट्रक ढकलायची शर्यत. दर वर्षी पहिला मीच."

"आणि सात नंबर एकदाही बंद पडला नाही," संध्याताई आणि शार्दूल एका सुरात गोष्ट संपवत. त्यांना ती पाठ होती.

आता हे कृष्णातमामा शहाऐंशी वर्षांचे झाले होते आणि महादेवपुऱ्यात मुलीकडे, प्रेमाकडे, राहत होते. सहा महिन्यांपूर्वी पाय घसरून पडले, हाड जुळलं, पण माणूस काही जुळेना. दाराबाहेर पाऊल टाकत नव्हते. भिंतीकडे तोंड करून बसायचे आणि कुणी काही विचारलं तर म्हणायचे, "आता माझं काय काम हाय?" प्रेमाने हे फोनवर रडत सांगितलं, तेव्हा सूर्यकांतरावांना रात्रभर झोप लागली नाही.

आणि बघा योग! बाल्कनीची जाळी शोधायला म्हणून ते होसकोटे रस्त्यावरच्या भंगाराच्या आवारात गेले, तर तिथे सात नंबर उभा. डाव्या मडगार्डला कॉलनीतल्या फणसाने दिलेला पोचा तसाच. दारावर पुसटसा सातचा आकडा. आवाराच्या मालकाने तो लग्नाच्या फोटोंसाठी भाड्याने द्यायला म्हणून डागडुजी करून ठेवला होता. सूर्यकांतरावांचे डोळे बघून तो एक दिवसापुरता ट्रक द्यायला तयार झाला. त्यांनी तिथूनच मामांना फोन लावला. "मामा, आयुधपूजेला सात नंबर घेऊन तुमच्या दारात येतो. शब्द आहे माझा."

संध्याकाळी मामांनी ट्रंकेतून खाकी शर्ट काढून प्रेमाकडे इस्त्रीला दिला.

खंडेनवमीला सकाळी नऊ वाजता सात नंबर सोसायटीच्या फाटकातून आत आला आणि येताना फाटकावरची केळी-झेंडूची कमान सोबत घेऊन आला. सोसायटीचे सेक्रेटरी नंदकिशोर धावत आले. हे नागपूरचे, देहाने भरभक्कम, आणि नियमांच्या बाबतीत त्याहून भरभक्कम.

"सूर्यकांतजी, हे काय करून राहिले तुम्ही?"

"जुनी कौटुंबिक गाडी. अर्जात लिहिलंय की."

"गाडी म्हणते का याले? हा तर टू बीएचके आहे, बाप्पा!"

पण तोवर बायकामुलांनी ट्रकभोवती गर्दी केली होती. जो तो फोटो काढत होता. नंदकिशोरांनी वारं कुठल्या दिशेने वाहतंय ते ओळखलं, स्वतःचाही एक फोटो काढून घेतला आणि म्हणाले, "ठीक आहे. पूजा करा, अन् अकराच्या आत बाहेर. बाराला राहूकाळ लागते. तळघरातल्या दीडशे गाड्या त्याआधी फेरी मारून आल्या पाहिजेत."

पूजेला आलेल्या भट्टरांनी ट्रककडे पाहिलं, आकाशातल्या सूर्याकडे पाहिलं आणि तोंड पूर्वेला हवं असं सांगितलं. ट्रक घेऊन आलेल्या ड्रायव्हरने मागेपुढे करत तो पूर्वेला वळवला. आता ट्रकचं नाक सोसायटीच्या कारंज्याच्या कठड्यापासून चार बोटांवर आलं आणि बरगडी बरोबर तळघराच्या चढणीच्या तोंडावर. पण दिशा चोख होती. ड्रायव्हरला स्वतःच्या लॉरीच्या पूजेला जायचं होतं. "एंजिन आफ माडबेडी, सर," इंजिन बंद करू नका, असं दोनदा बजावून तो गेला.

भट्टर मंत्र म्हणायला लागले. इंजिनाच्या धडधडीत मंत्र त्यांचे त्यांनाच ऐकू येईनात, आणि धुराने उदबत्तीची लाज काढली. खोकत खोकत ते म्हणाले, "आफ माडी, आफ माडी!"

सूर्यकांतराव क्षणभर घुटमळले.

"तो ड्रायव्हर काय म्हणाला होता?" संध्याताईंनी आठवण केली.

"त्याला काय माहीत? सात नंबर आहे हा!" असं म्हणून सूर्यकांतरावांनी इंजिन बंद केलं.

पूजा देखणी झाली. हळदकुंकू झालं, हार झाले, कुंकवाने भरलेला कोहळा फुटला, चारी चाकांपुढे लिंबं ठेवली. भट्टर म्हणाले, "सरी, ठीक, आता गाडी पुढे घ्या. लिंबं चिरडू द्या." सूर्यकांतराव ऐटीत वर चढले आणि त्यांनी किल्ली फिरवली. सात नंबरने एक उसासा टाकला. दुसऱ्यांदा फिरवली, तेव्हा तेवढाही नाही.

हे झालं आणि मग हळूहळू एकेक गोष्ट सगळ्यांच्या लक्षात यायला लागली. ट्रक सुरू झाला असता तरी पुढे जाणार कुठे? चाक लिंबावर चढायच्या आत नाक कारंज्यात गेलं असतं. मागे घ्यावा, तर भट्टरांनी दोन्ही हात वर केले. पूजेनंतर गाडीचं पहिलं पाऊल मागे? वर्षभर सगळंच मागे जाईल! आणि तळघरातून वर यायचा दुसरा रस्ता रंगकामासाठी बंद. खाली दीडशे गाड्या, प्रत्येकीच्या चाकापुढे लिंबू, प्रत्येकीत सहकुटुंब मंडळी नटूनथटून बसलेली. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

शार्दूलने मेकॅनिकला फोन लावला. मेकॅनिक म्हणाला, "सर, पाने देवापुढे ठेवलेत. पूजा झालीय. आज हात कसा लावू? उद्या येतो." दुसऱ्याचे स्क्रू-ड्रायव्हर देवापुढे होते. तिसऱ्याकडे क्रेन होती, पण क्रेनलाच हार घातलेला.

"बाबा," शार्दूल म्हणाला, "आज आख्ख्या बेंगळुरूत एकही अवजार कामावर नाहीये."

खाली भोंगे वाजायला लागले होते. नंदकिशोर लोकांना शांत करायला तळघरात उतरले, आणि जाताना "पुढच्या मीटिंगमध्ये हा विषय घेतो मी, सोडत नाही तुम्हाले!" असं म्हणून गेले. सूर्यकांतरावांना मीटिंगचं भय नव्हतं. त्यांचं लक्ष खिशातल्या फोनकडे होतं, आणि तो वाजलाच.

"सूर्यादा," प्रेमा म्हणाली, "बाबा सकाळी सहापासून शर्ट घालून फाटकाशी खुर्ची टाकून बसलेत. सहा महिन्यांत पहिल्यांदा बाहेर आलेत रे. शेजाऱ्यांना सांगतायत, माझी गाडी यायचीय. किती वेळ?"

"निघालोच," सूर्यकांतराव म्हणाले, आणि त्यांचा आवाज असा चिरकला की संध्याताईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"खरं सांगून टाका," त्या हळूच म्हणाल्या.

"अगं, काय सांगू? म्हातारा माणूस पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसेल. माझ्या फुशारकीपायी!"

फोन तसाच चालू होता हे त्यांच्या लक्षात राहिलं नाही. पलीकडे थोडी खुडबुड झाली आणि एक घोगरा आवाज आला.

"काय रं सूर्या. चालू हुईना न्हवं?"

"मामा... नाही होत."

"इंजान कुणी बंद केलं?"

"मीच."

"गाढवा!" मामा म्हणाले, आणि त्या एका शब्दात सहा महिन्यांचं साचलेलं बळ होतं. "कशाला हात लावू नगासा. मी आलो."

सणाच्या सुट्टीमुळे रस्ते मोकळे होते. अकरा पस्तीसला झेंडूने सजलेली एक रिक्षा फाटकाशी थांबली. आतून आधी काठी उतरली, मग प्रेमा, मग खाकी शर्टातले कृष्णातमामा. त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही. ते थेट सात नंबरपाशी गेले, मडगार्डच्या पोच्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "आलास व्हय रं? लई वाळलास."

मग त्यांनी एक नजर कारंज्याकडे टाकली, एक चढणीकडे, एक चाकांकडे. "लिंबं काढा. चाकाच्या मागं ठेवा. गाडी मागं जाईल."

"मागे? कूडदु, कूडदु! चालायचं नाही!" भट्टर पुढे आले.

"भट्टरे, तीस वर्सं ह्यो शेडात भिंतीकडं त्वांड करून हुबा असायचा. लिंबं मागंच ठेवायचो आमी. कारखाना चालला का न्हाई?"

भट्टरांनी विचार केला. घड्याळाकडेही पाहिलं. त्यांची स्वतःची स्कूटर तळघरातच अडकली होती आणि राहूकाळाआधी अजून दोन सोसायट्या करायच्या होत्या. "सरी," ते म्हणाले, आणि स्वतःच्या हाताने चारी लिंबं उचलून चाकांमागे ठेवली.

तिघांनी मिळून मामांना वर चढवलं. चक्रावर हात पडताच त्यांची पाठ ताठ झाली. "नाकाकडनं ढकला. मी रिवर्स टाकून क्लच धरतो. मी वरडलो की जोर."

पण नाकाकडे उभं राहायचं कुठे? तिथे तर कारंजं. मग काय, शार्दूल उतरला कारंज्यात, त्याच्या मागून नव्या कोऱ्या कुर्त्यातले सात-आठ संगणकवाले उतरले, आणि मधोमध, रेशमी धोतर गुडघ्यापर्यंत खोचून, सूर्यकांतराव.

"सूर्या, तू मदीच ऱ्हा," मामांनी खिडकीतून डोकं काढलं. "पयला धक्का तुझा. तुला सवय हाय."

"आहेच की!" सूर्यकांतराव पाण्यातून अभिमानाने म्हणाले. "दर वर्षी शर्यत मीच जिंकायचो."

"कसली शर्यत?"

"टाकीपाशी. तुम्ही लावायचात ती."

मामा बघतच राहिले. मग त्यांना हसू फुटलं, खोकला येईपर्यंत हसले. "अरं येड्या, टाकीपाशी चढ हुता! दर साली तिथं बंद पडायचा ह्यो. ब्याटरी कवाच मेलेली, सायेब नवी देत नव्हता. तुमा पोरास्नी मी काय लाडानं भरत हुतो? धक्का माराया माणसं लागायची!"

कारंज्यातल्या सगळ्या कुर्त्यांनी माना सूर्यकांतरावांकडे वळवल्या.

"आणि माझी... मागची जागा?" सूर्यकांतरावांनी विचारलं.

"तू जाडजूड. मागं बसलास की पयला खाली उतरायचास."

काठावर संध्याताईंनी पदर तोंडाला लावला, पण खांदे कुठे लपवणार? शार्दूल तर बॉनेटवर डोकं टेकून हसत होता. पंचावन्न वर्षं जपलेला मान असा भर सणाला, बायकोपोरादेखत गुडघाभर पाण्यात गेला. सूर्यकांतरावांना वाईट वाटलं, अगदी खरंखुरं वाईट वाटलं. ते बॉनेटवर हात ठेवून तसेच उभे राहिले. मग त्यांना काहीतरी आठवलं.

"पण मामा, गाडी चालू झाली की तुम्ही थांबायचात. एकेकाला हात देऊन वर घ्यायचात."

"थांबायचो तर."

"बंद ब्याटरीची गाडी? पुन्हा बंद पडली असती म्हणजे?"

"पडायचीच कदी कदी. सायेब लई शिव्या घालायचा." मामांनी चक्र अंगठ्याने पुसलं. "पर पोरं मागं ठिवून कसं जायाचं रं? एकबी पोरगं कदी मागं ऱ्हायलं का, सांग?"

"नाही, मामा," सूर्यकांतराव म्हणाले. "एकही नाही." त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायला कारंज्याचं पाणी पुरेसं होतं.

"मग रडतोस काय? मार धक्का!"

'हर हर महादेव' आणि 'गोविंदा गोविंद' एकदमच निघालं. सात नंबर हलला. एक वीत, एक हात, चारी लिंबं फटाफट फुटली, मामांनी क्लच सोडला, आणि ट्रकने असा काही काळा धूर सोडला की पुढच्या सगळ्या कुर्त्यांचा रंग एकच झाला. धडधड धडधड करत सात नंबर मागे गेला, चढणीचं तोंड मोकळं झालं, आणि खालून एकामागून एक हार घातलेल्या गाड्या बाहेर पडू लागल्या. अकरा वाजून एकेचाळीस मिनिटं. राहूकाळाने काय समजायचं ते समजावं.

कमानीच्या अवशेषांपाशी मामांनी ट्रक थांबवला. इंजिन धडधडत ठेवलं आणि खिडकीतून हात बाहेर काढला. "चला रं, चढा समदी! हितल्या हितंच तीन फेऱ्या. कुणी मागं ऱ्हायचं न्हाई!"

पोरं तर चढलीच, पण पोरांचे आईबापही चढले. प्रेमा मामांच्या शेजारी बसली होती आणि एकाच वेळी हसत होती आणि नाक पुसत होती. "सूर्यादा," ती म्हणाली, "बाबा म्हणतायत, घरी गेल्यावर ट्रकवाल्याला फोन लाव, ब्याटरी कुठली बसवायची ते मी सांगतो त्याला." सूर्यकांतरावांनी मान हलवली. ते ओल्या धोतरासह वर चढले आणि या खेपेला जाऊन बसले अगदी पुढे, मामांच्या पाठीशी.

एवढ्यात तळघरातून घामाघूम झालेले नंदकिशोर वर आले. शेवटची गाडी बाहेर काढून दमले होते, आणि कारंज्यात काय बोलणं झालं त्याचा त्यांना पत्ता नव्हता. भरलेला ट्रक, झेंडू, टाळ्या, फोटो, हे सगळं बघून त्यांचा सगळा राग विरघळला.

"सूर्यकांतजी, आता मले बी घेता का नाही? सेक्रेटरी आहे म्हटलं!"

"या की, या!" सूर्यकांतरावांनी त्यांच्याकडे नीट, पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. भरभक्कम माणूस. त्यांनी मामांकडे पाहिलं. आरशात मामांनी एक डोळा बारीक केला.

"पण मी सांगतो," नंदकिशोर म्हणाले, "असं कोपऱ्यात-बिपऱ्यात नाही बसणार मी."

"छे छे! तुम्हाला कोपऱ्यात कसं बसवीन?" सूर्यकांतराव उठले आणि गर्दीतून वाट करत त्यांना हाताला धरून अगदी शेवटी, मागच्या फळीपाशी घेऊन गेले. "इथे टेका. ही मानाची जागा. लहानपणी ही माझी होती. आज तुम्हाला दिली."

नंदकिशोरांना गहिवरून आलं. त्यांनी फळीला टेकून आजूबाजूच्या बाल्कन्यांना हात जोडले. संध्याताईंनी खालून एकवार नवऱ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पदर तोंडाला लावला. मामांनी गियर टाकला आणि सात नंबर डौलात सोसायटीच्या मागच्या रस्त्याला लागला. तिकडे पाण्याची टाकी होती, आणि टाकीपाशी जरा चढ होता.